विषय क्रमांक नऊ

सभेची वेळ दुपारी तीन.
गणपूर्ती झाली चारला, शेंगदाणे आल्यावर.
इतिवृत्त मी लिहितो. अठरा वर्षं.
या गावाचे न झालेले सगळे रस्ते
माझ्या अक्षरात आहेत.

लेखापाल म्हणाले, शिल्लक नाही.
दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा जरा हळू,
घरातलं आजारपण सांगावं तसं.
मग कात्री फिरली :
वाचनालयाच्या सहापैकी चार वर्तमानपत्रांवर,
बागेतल्या कारंज्यावर, जे तसंही उडत नव्हतं,
स्टेशन रोडच्या दिव्यांवर. एकाआड एक लागतील.
"म्हंजे माह्या दारातला लागीन का शेजाऱ्याचा?"
भंगाळेंनी विचारलं.
हे मी लिहिलं नाही.

विषय क्रमांक नऊ : सकाळची वाहतूक.
आठ ते दहा गाव जळगावला जातं
आणि जळगाव, माझ्यासारखं, थोडं थोडं इकडे येतं.
रेल्वे फाटकाशी दोन्ही समोरासमोर उभी राहतात
आणि एकमेकांच्या तोंडावर धूर सोडतात.

नववीच्या मुलींनी तीन दिवस मोजणी केली होती,
फाटकाजवळ बाकडं टाकून.
दुचाक्या दोन हजार आठशे सतरा.
पैकी मागची सीट रिकामी : एकवीसशे चाळीस.
मुख्याधिकारी आकडे वाचत होते
तेव्हा मी वहीतून मान वर केली नाही.
दुसऱ्या दिवशी, आठ पस्तीसला,
एका मुलीनं माझ्याकडे बघून
कागदावर उभी रेघ ओढली होती.
दर पाचवी रेघ आडवी, बाकीच्यांना बांधून घेणारी.
माझी उभीच.

तडवी म्हणाले, दोन बस घ्या,
माझ्या वॉर्डातल्या बाया दिवसाला साठ रुपये रिक्षाला घालतात,
मजुरी मिळते तीनशे.
"पैसे काय केयीच्या घडाले लागता का रे भो?"
सरोदे म्हणाले, शाळा अर्धा तास आधी भरवा,
फुकटात होईल.
"अन् डबे तू करशीन का सकायी पाचले?"
नगराध्यक्षा हेमलताताई हे बोलल्या तेव्हा
सभागृह हसलं. हसू लिहायची आपल्याकडे पद्धत नाही.

ठराव :
बसचा विषय अभ्यासासाठी पुढील सभेत ठेवावा.
चौकातील वाहतूक मदतनिसाचं मानधन,
दरमहा साडेसहा हजार, एक तारखेपासून बंद करावं.
सूचक, अनुमोदक.
हात वर झाले सतरा.
फाटक तेव्हाच उघडलं असावं, कारण
खिडकीबाहेर, खाली चौकात,
हिरामण सपकाळेचाही हात वर होता.
तो मोजणीत धरला नाही.

एक तारखेला त्यानं शिट्टी जमा केली,
रुमालात गुंडाळून.
जडसंग्रह वही, पान एकशे चार :
शिट्टी, स्टीलची, नग एक, चालू स्थितीत.
वाजवून बघितली नाही.
दुसऱ्याच्या तोंडातली शिट्टी कशी वाजवणार.

पुढच्या सभेत बस पुन्हा पुढे गेली.
हिरामण आता जळगावच्या एमआयडीसीत,
चटयांच्या कारखान्यावर रात्रपाळीला वॉचमन.
म्हणजे काटकसरीतून
एक अप-डाऊनवाला वाढला.
सहाला मी निघतो, तो मागे बसतो.
पेट्रोलचे पैसे देऊ करतो, मी नको म्हणतो.
महिनाअखेरीस घेतो.
मानधनाचं आम्ही काढत नाही. बोलणं होतं ते
त्याच्या पोरीच्या दातांचं, नाहीतर वाघूरच्या पाण्याचं.

काल चौक तटला.
सावद्याकडचा केळीचा ट्रक तिरका,
एसटी, दोन छोटा हत्ती, दुधाचे कॅन,
आणि हॉर्न, सगळ्यांचे सगळ्यांवर.
मी दोन्ही पाय टेकले.
मागून, माझ्या खांद्यावरून,
एक हात वर गेला, पंजा उघडा.

ट्रक थांबला.

मग एसटी निघाली,
मग दूधवाला,
मग आम्ही.